नवा गोल्फ कोर्स खेळायला निघताय? आधी हे विचारून घ्या

सोलापुरात मी गोल्फ खेळतो म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "कुठं? पार्क मैदानावर?"

त्याचं काही चुकत नाही. १८ होल, म्हणजे गोल्फचा पूर्ण डाव, खेळायचे तर मला पहाटे गाडी काढावी लागते. एका अंगाला पुणे २५० किलोमीटर, दुसऱ्या अंगाला हैदराबाद ३०० च्या वर. सराव मी कारखान्याच्या मागच्या मोकळ्या जागेत करतो. दोन खांबांना जाळी बांधली आहे, खाली जुनं कार्पेट टाकलंय. दुपारच्या सुट्टीत कामगार डबा खात बघत बसतात आणि चेंडू न लागता काठी हवेत फिरली की मोठ्याने दाद देतात.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. अण्णांच्या काळात चादरीही निघायच्या, आता फक्त टेरी टॉवेल. गोल्फशी माझा संबंध आला तो एका ऑर्डरमुळे. अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाने १६ बाय २४ इंचांचा टॉवेल मागितला. एक बाजू लूपची, म्हणजे धाग्यांच्या छोट्या फेऱ्यांची, एक बाजू ते लूप कातरून मखमली केलेली, म्हणजे व्हेलोर, आणि वर पितळी रिंग बसवायला भोक. आमचे जॉबर, म्हणजे माग सांभाळणारे, मामा नमुना हातात धरून म्हणाले, "मालक, धडधाकट टॉवेलला भोक कशाला पाडायलालाव?" मला तरी कुठं माहीत होतं! गिऱ्हाईक भारतात आलं तेव्हा त्याने पुण्यात एका कोर्सवर नेलं, तो टॉवेल बॅगेला अडकवून दाखवला, आणि माझ्या हातात ७ नंबरचं आयर्न, म्हणजे लोखंडी टोकाची काठी, दिलं. तिथून हे खूळ लागलं ते आजतागायत.

आता नवा कोर्स उघडला की पुण्याचे मित्र फोटो पाठवतात. हिरवंगार फेअरवे, म्हणजे भोकाकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा, पांढरीशुभ्र वाळू, मागे डोंगर. "येताय का रविवारी?" त्यांना अर्ध्या तासात पोचायचं असतं, त्यामुळे फसले तरी सकाळच वाया जाते. माझा अख्खा दिवस, डिझेल आणि ग्रीन फी, तिन्ही जातात. म्हणून निघण्याआधी चौकशी करायची सवय लागली. लांबून जाणाऱ्या कुणालाही ती उपयोगी पडेल.

"उघडला" म्हणजे नेमकं काय उघडलं?

सगळ्यात महागडा धडा इथेच मिळाला. काही वर्षांपूर्वी परराज्यातल्या एका नव्याकोऱ्या कोर्सवर गेलो, तेही ऑगस्टमध्ये. फोनवर विचारलं होतं, "सगळे होल चालू आहेत ना?" उत्तर आलं, "अठराच्या अठरा, सर." होल चालू होते, त्यात खोटं काही नव्हतं. पण सहा होलवर खऱ्या ग्रीनला, म्हणजे भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवताला, दोरी बांधलेली, आणि अलीकडे फेअरवेतच गवत जरा बारीक कापून झेंडा रोवलेला. याला टेम्पररी ग्रीन म्हणतात. त्यावर पट करणं, चेंडू हळूच ढकलून भोकात घालणं, म्हणजे सतरंजीवर गोट्या खेळणं. चौथ्या होलवर चेंडू उंचावरून पडला तो जागच्या जागी रुतला. पाचव्यावर माझा बूट रुतला. फी पूर्ण घेतली होती. रात्री घरी आलो तर सौभाग्यवती दारातच म्हणाली, "गोल्फ खेळून आलाव का नांगरट करून?"

तेव्हापासून "चालू आहे का" हा प्रश्न मी विचारत नाही. विचारतो ते असं: किती होल आज कायमच्या ग्रीनवर खेळले जातात? ज्या होलवर सगळ्यात शेवटी गवत लावलं, तिथे ते कधी लावलं? बग्गी फेअरवेवर नेऊ देतात की रस्त्यावरूनच न्यायची? प्लेसिंग चालू आहे का, म्हणजे फेअरवेत चेंडू उचलून, पुसून चांगल्या जागी ठेवायला परवानगी आहे का?

या चार उत्तरांत सगळं येतं. बग्गी रस्त्यावरच ठेवा म्हणाले तर जमीन ओली आहे किंवा गवत अजून कोवळं आहे. प्लेसिंग चालू आहे म्हणाले तर फेअरवे अजून टकला आहे. यात वाईट मानण्यासारखं काही नाही, फक्त मग पूर्ण फी देऊन जायचं की चार महिने थांबायचं हे आपल्याला ठरवता येतं. बऱ्याच ठिकाणी आधी सभासदांसाठी, मग नऊ होल, मग सवलतीच्या दरात सगळ्यांसाठी, असं टप्प्याटप्प्याने उघडतात. सवलतीचा टप्पा असेल आणि तुम्हाला हौस असेल तर जरूर जा. अर्धवट कोर्स बघण्यातही मजा असते, फक्त तो अर्धवट आहे हे माहीत असावं.

हे प्रश्न रिसेप्शनवर विचारून फार हाती लागत नाही. "गवताचं काम बघणारे साहेब आहेत का?" असं विचारा. ते फोनवर आले की दहा मिनिटं सोडत नाहीत, कारण त्यांना हे कुणी विचारतच नाही.

हरळीचं पुराण

आपल्याकडच्या बहुतेक कोर्सवर जे बर्म्युडा गवत असतं ते म्हणजे आपली हरळी. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. गणपतीला वाहतो त्या दूर्वा याच. माझे मेहुणे मोहोळकडे शेती करतात. हरळी काढता काढता त्यांची कंबर गेली. त्यांना मी सांगितलं की लोक एकरी लाखो रुपये खर्चून हरळी लावतात, पाणी पाजतात, रोज कापतात, तर ते म्हणाले, "दाजी, आमच्यातली फुकट घेऊन जावा."

फरक एवढाच की कोर्सवरची हरळी संकरित असते. साध्या हरळीचा आफ्रिकेतल्या दुसऱ्या जातीशी संकर करून टिफवे ४१९ सारखे वाण काढले. या वाणांना उगवणारं बी धरत नाही. म्हणून उसाचं बेणं लावावं तशा त्यांच्या काड्या जमिनीत लावाव्या लागतात, आणि त्या आडव्या पसरत एकमेकींत गुंतल्या की गालिचा तयार होतो. घाई असेल तर तयार गालिच्याच्या पट्ट्या आणून अंथरतात, पण ते महाग, त्यामुळे फार तर ग्रीनच्या कडेला आणि बंकरच्या, म्हणजे वाळूच्या खड्ड्याच्या, ओठावर. काड्या लावलेल्या फेअरवेने एक पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचा एक पूर्ण उन्हाळा बघितला असेल तर मी गाडी काढतो. पावसाळ्यात पाणी कुठं तुंबतं ते कळतं, उन्हाळ्यात पाणी कुठं पोचत नाही ते कळतं. दोन्ही परीक्षा झाल्याशिवाय निकाल कसला?

फेअरवेवर पोचलात की वाका आणि बोटांनी गवत बाजूला करा. खाली काड्यांचं जाळं लागलं तर उत्तम. माती दिसली तर तिथे चेंडूआधी जमिनीला काठी लागली की मनगट झणझणतं. अशा ठिकाणी एक नंबर लांब मारणारी काठी (७ च्या जागी ६) घेऊन अर्धाच स्विंग मारावा.

ग्रीनची गोष्ट वेगळी. फेअरवे मूळच्या मातीत असतो, ग्रीन मात्र थरांवर बांधलेली असते. अमेरिकन गोल्फ संघटनेची, म्हणजे यूएसजीएची पद्धत जगभर चालते: खाली सच्छिद्र पाइप, त्यावर साधारण १० सेंटिमीटर खडी, त्यावर ३० सेंटिमीटर वाळूप्रधान मिश्रण. पाणी झरझर खाली जावं म्हणून एवढा खटाटोप. पण नव्या ग्रीनमध्ये मुळांचा आणि कुजलेल्या पानांचा मऊ थर अजून साठलेला नसतो, त्यामुळे ती मऊ वाटली तरी लागते कडक. फोटोत मखमल, पायाखाली गच्ची. जुन्या कोर्सवर चेंडू ग्रीनवर टाकला की दोन उड्या मारून थांबतो. नव्यावर तोच चेंडू टप्पा घेऊन मागच्या झाडीत. माझे पहिल्या वर्षातल्या कोर्सवर असे किती चेंडू गेले, हिशेब ठेवलेला नाही. उपाय सोपा आहे. चेंडू ग्रीनच्या दहा-पंधरा यार्ड अलीकडे टाका आणि पळत वर जाऊ द्या. उंच शॉटची हौस नंतर.

वाळू आणि काळी माती

गेल्या काही वर्षांत जगात ज्या नव्या कोर्सची चर्चा झाली ते बहुतेक वाळूवर आहेत. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या सँड व्हॅली रिसॉर्टात द लिडो २०२३ मध्ये आणि सेज व्हॅली २०२४ मध्ये. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या उत्तरेला तासा-दीड तासावर, समुद्रकाठच्या टेकाडांवर 'ते आराई' नावाच्या ठिकाणचे दोन कोर्स: साउथ २०२२ चा, नॉर्थ २०२३ चा. वाळूत पाणी थांबत नाही, त्यामुळे पाऊस थांबला की लगेच खेळता येतं. शिवाय जमिनीचे मूळचे उंचवटे तसेच ठेवता येतात, पाणी वळवायला बुलडोझर फिरवावे लागत नाहीत. आपली काळी माती म्हणजे याच्या नेमकी उलट. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यावर कोर्स करायचा तर खाली पाइपांचं जाळं टाकणं आलंच. म्हणून आपल्याकडच्या नव्या कोर्सला "ड्रेनेज कसं केलंय?" हा प्रश्न विचारायला लाजू नका.

वाळूवरचा नवा कोर्स मी एकच खेळलो आहे. तो पाइनहर्स्ट नंबर १०, नॉर्थ कॅरोलिनात. हे राज्य म्हणजे अमेरिकेतली जुनी गिरण्यांची भूमी, आमच्या धंद्यातले लोक तिकडे भेटतात. पाइनहर्स्टचा नंबर २ हा डोनाल्ड रॉसने आखलेला, १९०७ सालचा. २०२४ ची यूएस ओपन ही मोठी गोल्फ स्पर्धा तिथेच झाली आणि ब्रायसन डिशँबोने जिंकली. नंबर १० त्याच वर्षी उघडला. टॉम डोकने आखलेला, आणि जागा जुन्या वाळूच्या खाणीची. खाणीतून उपसलेल्या वाळूचे ढिगारे त्यांनी सपाट केले नाहीत, खेळातच घेतले. आठव्या होलच्या आसपास उभं राहिलं की मला आमच्याकडच्या खडी क्रशरची आठवण आली, फक्त इथे सगळीकडे पाइनची झाडं. आदल्या रात्री पाऊस झाला होता. सकाळी टॉवेल ओला करून निघालो, संध्याकाळी बघितला तर त्यावर फक्त वाळूचे कण, एका झटक्यात साफ. मला तर तिथे आमच्या मालाची गरजच नसल्यासारखं वाटलं.

पाइनहर्स्टला जायचं तर टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, रिसॉर्टच्या मुक्कामाबरोबर घ्यावा लागतो, आणि तो महिनोन्महिने आधी. न्यूझीलंडच्या 'ते आराई'त सभासद नसलेल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी: दोन कोर्स आलटूनपालटून सभासद आणि बाहेरच्यांना मिळतात, त्यामुळे दोन्ही खेळायचे तर लागोपाठ दोन दिवस धरा. आमची भाची ऑकलंडला असते. तिला म्हटलं, तुझ्याकडे येतो. ती म्हणाली, "मामा, माझ्याकडे का गोल्फकडे?"

आणि लक्षात ठेवा, सगळं चांगलं वाळूवरच असतं असंही नाही. नेब्रास्कात २०२२ मध्ये उघडलेला लँडमँड लोएसवर आहे, म्हणजे वाऱ्याने उडवून आणून साठवलेल्या बारीक मातीच्या टेकड्यांवर. तिथली ग्रीन इतकी मोठी की एकेकीत आमचं गोडाऊन बसेल.

कधी जायचं

महाराष्ट्र, तेलंगण, उत्तर कर्नाटक इथे नवा कोर्स खेळायचा तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत नव्या कोर्सचं नाव काढू नका. जुना, मुरलेला कोर्स असेल तर ठीक. एप्रिल-मेमध्ये जायचंच असेल तर पहिला टी टाइम, सहाच्या आसपास, आणि दहाला गाडीत. आम्ही सोलापूरकर उन्हाचं कौतुक कुणाला सांगत नाही, पण चार-साडेचार तास सावली नसलेल्या नव्या कोर्सवर चालणं वेगळं. नवी झाडं कमरेएवढीसुद्धा नसतात. छत्री न्या.

दिल्लीकडे जाणार असाल तर हिशेब बदलतो. तिकडे थंडीत हरळी झोपते, पिवळी पडते, आणि सकाळच्या धुक्यात टी टाइम पुढे पुढे सरकतात. तिकडे फेब्रुवारीअखेर ते मार्चचा पहिला पंधरवडा बरा.

मी संक्रांतीच्या आठवड्यात कुठेच जात नाही. गड्ड्याची जत्रा असते, कारखान्याला सुट्टी असते, घरात पाहुणे असतात. त्या दिवसांत गोल्फचं नाव काढलं तर सिद्धेश्वर महाराज माफ करतील, घरची मंडळी करणार नाहीत.

कागदपत्रं, कपडे, आणि काळा टी

बहुतेक खासगी कोर्सवर बाहेरच्याला सभासदाचा पाहुणा म्हणून किंवा हँडिकॅपचा, म्हणजे आपल्या खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा, दाखला दाखवून प्रवेश मिळतो. २०२० पासून भारतातही जागतिक हँडिकॅप पद्धत आहे, त्यामुळे पुण्यात मिळालेला इंडेक्स, म्हणजे तो आकडा, न्यूझीलंडमध्ये चालतो. तो काढण्यासाठी कुठल्या तरी क्लबाशी जोडून घ्यावं लागतं. माझ्यासारख्या लांबच्या माणसाला ते अवघड जातं, पण एकदा केलं की सुटलो. दाखला नसेल तर सार्वजनिक कोर्सपासून सुरुवात करा. सिडकोचा खारघरचा कोर्स आहे, दिल्लीत डीडीएचा, म्हणजे दिल्ली विकास प्राधिकरणाचा, कुतुबजवळचा आहे. तिथे शिकण्याची लाज वाटत नाही.

नव्या कोर्सचं रेटिंग, म्हणजे तो किती अवघड हे अधिकृतपणे ठरवणं, झालं आहे का हेही विचारा. झालेलं नसेल तर तिथला स्कोअर इंडेक्सला धरत नाहीत. झालं असेल तर स्लोप, म्हणजे साध्या खेळाडूला कोर्स किती अवघड जातो तो आकडा, बघा. प्रमाण आकडा ११३. माझा इंडेक्स २१. स्लोप १३० असेल तर २१ गुणिले १३० भागिले ११३, म्हणजे २४ जादा शॉट मिळतात. कोर्स रेटिंग आणि पार (चांगल्या खेळाडूला लागणारे ठरलेले शॉट) यांतल्या फरकाने ते थोडे वर-खाली होतात, पण अंदाज यायला एवढं पुरे.

टी, म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा, कुठला घ्यायचा यावर मित्रांत भांडणं होतात. नव्या कोर्सवर सगळ्यांना मागचा काळा टी हवा असतो, फोटो काढायला. माझा नियम: ५ नंबरच्या आयर्नने तुमचा चेंडू जेवढे यार्ड जातो त्याला ३६ ने गुणा. माझा जातो १४०. गुणाकार ५०४०. तेवढ्या लांबीच्या जवळचा टी घेतो, रंग कुठलाही असो. एकदा चारचौघांत लाल टी घेतला म्हणून हसले. दुपारच्या जेवणाचं बिल त्यांनी भरलं.

कपड्यांचं थोडक्यात: कॉलरचा शर्ट, जीन्स नको, बुटाला धातूचे खिळे नकोत. बॅगेत जास्तीत जास्त १४ काठ्या. एवढं केलं की गेटवर अडवत नाहीत.

कॅडीचं ऐका, पण वेगळं ऐका

जुन्या कोर्सवरचा कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा सोबती, पट कुठे वळणार ते डोळे मिटून सांगतो. नव्या कोर्सवर तो तुमच्याइतकाच नवा असतो. ग्रीनबद्दल त्याला फार विचारू नका, स्वतः चालून उतार बघा. पण बऱ्याचदा तो जवळच्याच गावातला असतो, आणि जमिनीबद्दल त्याला जेवढं कळतं तेवढं कोर्स आखणाऱ्यालाही कळत नसेल. एका ठिकाणी सातव्या होलवर मी डावीकडून मारायला उभा राहिलो तर पोरगा म्हणाला, "काका, डावीकडं नको. इथं आमची तूर होती. त्या कोपऱ्यात पाणी धरतं." कार्डावर त्याचा पत्ता नव्हता, वरून सगळं एकसारखं हिरवं. मी उजवीकडे मारलं. बरोबरचा दोस्त डावीकडे गेला आणि त्याचा चेंडू चिखलात बसला.

अशा वेळी नियम माहीत असू द्या. चेंडू स्वतःच्याच खड्ड्यात रुतला असेल तर दंड नाही. उचला, पुसा, आणि त्या जागेच्या लगेच मागून एका काठीच्या लांबीत, ग्रीनच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून टाका. पांढऱ्या रेषेने आखलेला दुरुस्तीचा भाग असेल तिथूनही फुकट सुटका मिळते. नव्या कोर्सवर असे पट्टे खूप असतात, तेव्हा पहिल्या टीवरच विचारून घ्या.

त्या पोराला ठरलेल्या पैशांवर काही द्यावं, हे मी सांगायला नको. मी एक टॉवेल पण देतो. शेंगा चटणीची पुडी माझ्या बॅगेत असतेच, कडक भाकरीबरोबर नवव्या होलनंतर त्यालाही देतो.

टॉवेलबद्दल शेवटी, कारण हे मला खरंच कळतं. निघताना एक अर्धा भाग ओला करून पिळा, दुसरा कोरडा ठेवा. ओल्याने काठीच्या खाचा पुसा, कोरड्याने पकड. लूपची बाजू खाचांना, व्हेलोरची बाजू फक्त नाव छापायला असते, ती पाणी नीट ओढत नाही. खाचांत माती राहिली तर चेंडूला फिरकी मिळत नाही, आणि नव्या कोर्सवर माती राहतेच. घरी आल्यावर काळी माती ओली असताना चोळू नका. सुकू द्या, झटका, मग साध्या साबणात धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, त्याने लूप गुळगुळीत होतात आणि पाणी ओढेनासे होतात. आमच्या जॉबर मामांना हे मी कधी सांगितलं नाही. नाहीतर म्हणतील, भोक पाडून वर आणि धुवायचे नियम सांगायलालाव.